क्रॅक केलेलं कॅड, स्टॅड, कॅम: छोट्या इंजिनिअरिंग धंद्याला नेमका धोका कुठून?

टूलरूम_भोसरी

नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीत प्रेस टूल आणि मोल्ड डिझाइनची कामं करतो. आमच्या गल्लीत अलीकडे एक प्रकार घडला, त्यावरून हा धागा काढतोय. क्रॅक म्हणजे परवान्याची तपासणी मोडून फुकट चालवलेलं सॉफ्टवेअर; कॅड ड्रॉइंगचं, स्टॅड इमारतीच्या गणिताचं, कॅम मशीनला कापण्याच्या सूचना देणारं.

शेजारच्या युनिटला एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीच्या वतीने मेल आला. तुमच्याकडे आमच्या सॉफ्टवेअरचा विनापरवाना वापर होतोय, संपर्क साधा, एवढाच मजकूर. मालकांना वाटलं फसवणुकीचा मेल असणार, म्हणून पुसून टाकला. नंतरचाही पुसला. मग जो मेल आला त्याच्यासोबत एक तक्ता होता आणि तो मी स्वतः पाहिला. कॉम्प्युटरचं नाव 'डिझाइन-०३', नेटवर्क कार्डाचा क्रमांक, ऑफिसचा आयपी पत्ता, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि कोणत्या तारखेला किती वाजता ते उघडलं याची ओळीने नोंद. त्यात एका रविवारी रात्रीची नोंदसुद्धा होती, कारण घाईच्या एका डायसाठी त्यांचा डिझायनर त्या रात्री बसला होता. तक्ता वाचता वाचता मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

आपल्याकडे नवीन पीसी घेतला की हार्डवेअरवाला 'सगळं टाकून देतो' म्हणतो आणि खरंच सगळं टाकून देतो. बिलात त्याचा उल्लेख नसतो. मालकाला बऱ्याचदा विचारायचंही सुचत नाही. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या बीएसए या संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत भारतातल्या विनापरवाना सॉफ्टवेअरचं प्रमाण ५६ टक्के दिलं होतं, म्हणजे हे फक्त आमच्या गल्लीचं दुखणं नाही.

माझं मत आधीच मांडतो. पकडलं जाण्याची भीती हा यातला छोटा भाग आहे. आपण ड्रॉइंग देतो, त्यावर सही करतो, त्यावरून कुणीतरी पोलाद कापतो किंवा स्लॅब ओततो. ते ड्रॉइंग कशातून आलं याची खात्री आपल्याला देता आली पाहिजे, आणि क्रॅकमध्ये ती देता येत नाही. आयटीवाले, वकील, सीए, स्ट्रक्चरलवाले, सगळ्यांनी आपापल्या बाजूने लिहावं ही विनंती.

नेटकर

चांगला विषय. तो तक्ता कुठून येतो ते सांगतो.

बऱ्याच महागड्या इंजिनिअरिंग सॉफ्टवेअरमध्ये परवाना तपासणारा भाग वेगळा आणि गैरवापर कळवणारा भाग वेगळा असतो. क्रॅक करणारा पहिला भाग निकामी करतो. दुसरा आत कुठेतरी तसाच राहतो आणि नेट मिळालं की कळवत राहतो: मशीनचं नाव, नेटवर्क कार्डाचा क्रमांक, आयपी, कधीकधी ईमेलचं डोमेन. ही माहिती गोळा करून संबंधित कंपनीपर्यंत वसुलीसाठी पोचवणं हा जगभर चालणारा स्वतंत्र व्यवसाय आहे. 'आम्ही फायरवॉलमध्ये बंद केलंय' असं सांगणारे भेटतात. एखाद्या दिवशी कुणीतरी विंडोज नव्याने टाकतो, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतो, आणि साठलेलं सगळं एका झटक्यात बाहेर जातं.

पण मला जास्त काळजी आत येणाऱ्या गोष्टींची आहे. क्रॅकसोबतच्या सूचना आठवा: अँटिव्हायरस बंद करा, ॲडमिन म्हणून चालवा, हा फोल्डर तपासणीतून वगळा. घराचं कुलूप काढून किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्यायची, असंच झालं ते. स्टॉप-डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर वर्षानुवर्षं मुख्यतः क्रॅक आणि कीजेनमधूनच (खोटे परवाना क्रमांक बनवणारे प्रोग्राम) पसरत आलंय. फायली कुलूपबंद होतात आणि खंडणीची चिठ्ठी पडते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एमसिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने त्याच्या १४८ प्रकारांवर मोफत उतारा काढला, पण त्यानंतरच्या बहुतेक प्रकारांना तो लागू पडत नाही.

रॅन्समवेअर निदान आल्याचं कळतं तरी. माहिती चोरणारे प्रोग्राम गुपचूप काम करतात. लुम्मा हा त्यातला एक, त्याच्या प्रसाराचा एक मोठा रस्ता म्हणजे 'फुकट' सॉफ्टवेअर. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकी न्याय खात्याने मिळून त्याची यंत्रणा पाडली, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत ३,९४,००० पेक्षा जास्त विंडोज कॉम्प्युटर बाधित आढळल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड जातात. मग ऑफिसचा मेल दुसराच कुणी वाचत बसतो, आणि योग्य बिलाच्या वेळी ग्राहकाला 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल जातो. माझ्या ओळखीच्या एका जॉबवर्कवाल्याचं पेमेंट असंच गेलं. ग्राहकाने पैसे भरले होते, यांना मिळाले नाहीत, आणि दोघांचे संबंध कायमचे बिघडले.

असं काही झालं तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

ड्राफ्ट्समन_मिरज

ऑटोकॅडचा तो अकॅड डॉट एलएसपीवाला (ऑटोकॅड उघडताना आपोआप चालणारी फाइल) व्हायरस कुणाकुणाकडे आलाय? प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ती छोटी फाइल आपोआप उगवते. मी पूर्वी ज्या ऑफिसात होतो तिथे एके सकाळी एक्सप्लोड कमांडच चालेना. दुसरं ड्रॉइंग जोडायची एक्सरेफही नाही. आधी वाटलं की माउस किंवा ग्राफिक कार्ड बिघडलं. मग शेअर्ड ड्राइव्ह उघडून पाहिला तर जुन्यातल्या जुन्या कामांच्या फोल्डरमध्येही तीच फाइल. पुसली की पुन्हा येते, कारण बाजूच्या टेबलावरचा पीसी ती परत टाकतोय.

नेटकर

@ड्राफ्ट्समन_मिरज, तो 'बर्स्टेड' जातीचा. एक्सप्लोड, एक्सरेफ, एक्सबाइंड या कमांड तो निकामी करतो. त्याचा धाकटा पण जास्त वाईट भाऊ म्हणजे एसीएडी-मेड्रे. जून २०१२ मध्ये इसेट या अँटिव्हायरस कंपनीने तो उघडकीला आणला. ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प या भाषेत लिहिलेला होता, पेरू देशात सर्वाधिक पसरला होता, आणि उघडलेली ड्रॉइंग चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवत होता. हजारो ड्रॉइंग अशी गेली. विचार करा, ग्राहकाने गोपनीयतेच्या करारावर सही घेऊन दिलेल्या पार्टचं ड्रॉइंग!

हे व्हायरस अधिकृत प्रतीवरही येऊ शकतात, ते क्रॅकचंच अपत्य आहे असं मी म्हणणार नाही. फरक असा की अशा प्रकारांनंतर ऑटोडेस्कने अनोळखी जागेवरून कोड न चालवणारी सिक्युअरलोडची सोय आणली, सुधारणा दिल्या. क्रॅकवाला अपडेट करायला घाबरतो, कारण अपडेट केलं की क्रॅक मोडतो. म्हणून तो जुन्याच आवृत्तीवर दारं उघडी ठेवून बसतो.

सातपूरकर

सगळं मान्य. पण पैशाचं कोण बोलणार? माझं युनिट चार माणसांचं आहे. जॉबवर्कचा रेट गेली कित्येक वर्षं ग्राहक हलवू देत नाही. पूर्वी एकदा पैसे भरले की ऑटोकॅड कायमचं आपलं व्हायचं. २०१६ पासून ते बंद, आता दरवर्षी भाडं भरा. काम असो वा नसो. वर कॅमचं वेगळं, सॉलिड मॉडेलिंगचं वेगळं. मोठ्या कंपन्या आम्हाला त्यांच्याच फॉरमॅटमध्ये फाइल मागतात आणि रेट मात्र फुकटातल्या सॉफ्टवेअरच्या हिशेबाने देतात. क्रॅक वापरणारा प्रत्येक जण चोरीच्या हौसेने वापरत नाही.

कायदा_कोर्ट

सातपूरकर, तुमची अडचण खरी आहे. दुर्दैवाने कायद्यात ती बचाव म्हणून चालत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत माहीत असून वापरली तर किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद न देता ५०,००० पर्यंत दंडावर थांबू शकतं. कारखान्यातला वापर त्या सवलतीत बसवणं अवघड. कलमाचे शब्द 'जी कोणी व्यक्ती वापरते' असे आहेत, म्हणजे खुर्चीवर बसलेला डिझायनरही त्यात येऊ शकतो. कंपनीच्या बाबतीत कलम ६९ प्रमाणे कारभाराची जबाबदारी असलेली माणसं येतात. 'हार्डवेअरवाल्याने टाकलं' म्हणून हात वर करणारे खूप पाहिलेत, तक्त्यात रोजच्या वापराची नोंद असताना ते टिकत नाही. शिवाय मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं.

प्रत्यक्षात सॉफ्टवेअर कंपन्या बहुधा दिवाणी मार्ग धरतात. कलम ६२ मुळे त्यांना स्वतःचा व्यवसाय जिथे चालतो तिथे दावा लावता येतो, म्हणून भोसरीच्या कारखान्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल होऊ शकतो. कोर्ट तुम्हाला न कळवता स्थानिक आयुक्त नेमू शकतं. मग एका सकाळी आयुक्त, समोरचे वकील आणि तांत्रिक माणूस गेटवर येतात. प्रत्येक मशीनवर बसून यादी करतात, प्रती घेतात, गरज पडल्यास हार्ड डिस्क सील करतात. त्या दिवशी डिझाइन विभाग ठप्प होतो आणि ग्राहक बाहेर बसलेला असेल तर तोही हे सगळं पाहतो.

मेल आल्यावर पहिली प्रतिक्रिया असते 'सगळं फॉरमॅट मारा'. कृपया करू नका. मागे खुणा राहतात, समोरच्याकडे नोंदी आधीच असतात, आणि पुरावा नष्ट केल्याचा ठपका मूळ प्रकरणापेक्षा जड जातो. मेल खरा आहे का ते त्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून तपासा, कारण अशा मेलच्या नावाने पैसे उकळणारेही आहेत. वापर थांबवा, कोणत्या मशीनवर काय आहे याची प्रामाणिक यादी करा, आणि उत्तर वकिलामार्फत द्या. बरीचशी प्रकरणं परवाने खरेदी करून मिटतात. गप्प बसलेल्यांची कोर्टात जातात.

डेट्रॉइटकर

निर्यात करणाऱ्यांसाठी एक भर. अमेरिकेत चोरीचं सॉफ्टवेअर वापरून बनवलेला माल म्हणजे अनुचित स्पर्धा, असं काही राज्यं मानतात. वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये त्यासाठी खास कायदाच केला. जानेवारी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी भारतातल्या आणि चीनमधल्या एकेका कापड उद्योगावर याच कारणाने दावा लावला होता. चूक केली इथे, खटला उभा राहिला तिथे. त्यामुळे इकडच्या खरेदी विभागांना पुरवठादाराकडे काय आहे याची चौकशी करावीशी वाटते. चाकणहून माल पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

सांगाडा

मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे. वरच्या सगळ्यापेक्षा मला झोप न येऊ देणारी बाब वेगळी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे फिरणाऱ्या क्रॅक प्रती बहुतांशी जुन्या. समजा, स्टॅडची व्ही८आय मालिका किंवा ईटॅब्सची २०१३ ची आवृत्ती, दोन्ही इमारतीचं गणित करणारी सॉफ्टवेअर. या प्रती आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीवर थांबलेल्या आहेत. २०१६ मध्ये भूकंपाची ही संहिता बदलली. काँक्रीटच्या इमारतीत भूकंपात तडे जाणार हे धरून तुळईची जडता (वाकण्याला होणारा विरोध) मूळच्या ०.३५ पट आणि खांबाची ०.७० पट घ्यायची असं आलं. किमान आडव्या बलाची अट आली, भूकंपविभाग ३ साठी इमारतीच्या भूकंपी वजनाच्या १.१ टक्के, विभाग ४ साठी १.६ टक्के. त्याच वर्षीच्या आयएस १३९२० या काँक्रीटच्या भूकंपरोधक बांधणीच्या संहितेने तुळईपेक्षा खांब १.४ पट बळकट असावेत असं सांगितलं.

जुन्या प्रतीत कुणी पूर्ण जडता तशीच ठेवून मॉडेल चालवलं तर इमारत कागदावर खरीपेक्षा ताठ दिसते. मजल्याची आडवी सरक मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पटीत बसवायची असते. मॉडेल सांगतं, आरामात बसते. खऱ्या जडतेने केलं तर बसत नाही. तक्ता हिरवा, इमारत लवचीक. जाणकार माणूस गुणक हाताने घालेल, मान्य. पण क्रॅक घेऊन शिकलेला, शिकवायला कुणी नसलेला पोरगा तयार टेम्पलेटवर काम करतो, आणि त्याला हे घालायचं असतं हेच माहीत नसतं.

अजून एक. अधिकृत सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत दुरुस्त्यांची यादी येते. ईटॅब्स बनवणाऱ्या सीएसआयच्या याद्या वाचा. अमुक परिस्थितीत अमुक निकाल चुकत होता, आता दुरुस्त केलाय, असं स्पष्ट छापलेलं असतं. म्हणजे आपण वापरतो त्या आवृत्तीत काय चुकतं हे जगाला माहीत असतं, फक्त क्रॅकवाल्यापर्यंत पोचत नाही. त्यात क्रॅक करताना फायली बदललेल्या, त्या कुणी तपासलेल्या नाहीत. शंका आली तर विचारायचं कुणाला? तांत्रिक मदतीला मेल टाकायचा तर परवाना क्रमांक लागतो.

महापालिकेत जे स्थैर्य प्रमाणपत्र जातं त्यावर माझं नाव असतं, सॉफ्टवेअर कंपनीचं नाही. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ पाहिलेल्या राज्यात हे हलक्यात घेणं मला जमत नाही.

सातपूरकर

पण अधिकृत घेतलं की उत्तर बरोबर येतं असं थोडंच आहे?

सांगाडा

मुळीच नाही. नॉर्वेचा स्लाइपनर ए हा काँक्रीटचा समुद्री प्लॅटफॉर्म २३ ऑगस्ट १९९१ ला चाचणीत बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर. विश्लेषण नॅस्ट्रान या नावाजलेल्या सॉफ्टवेअरवरच केलेलं होतं, पण गणितासाठी रचनेचे तुकडे पाडणारी जाळी विरळ धरल्याने कातर ताण ४७ टक्के कमी दिसला. हाताने केलेला पडताळा सुटला तर परवाना वाचवत नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपली चूक शोधणं आधीच अवघड, त्यात ज्याच्या पोटात कुणी हात घातलाय असं अवजार घेऊन ते अधिकच अवघड होतं.

व्हीएमसी_शिरोली

सांगाडा यांच्याशी सहमत. कॅमलाही हेच लागू. पोस्ट प्रोसेसर (कॅमचं काम मशीनच्या भाषेत उतरवणारा भाग) आपल्या कंट्रोलरशी जुळवून घ्यावा लागतो, अधिकृत विक्रेता ते करून देतो. क्रॅकसोबत कुठल्या तरी दुसऱ्याच मशीनचा पोस्ट येतो. टूल वर उचलण्याआधीच आडवी रॅपिड (न कापता वेगाने जाणारी) चाल आली की क्लॅम्पवर आदळलंच समजा. कटर तर जातोच, स्पिंडलचं बेअरिंगही जातं, आणि त्याचा खर्च कुठल्याही वार्षिक भाड्याला लाजवतो.

हिशेबनीस

सातपूरकरांच्या मुद्द्यावर, सीए म्हणून थोडं. भारतीय विक्रेत्याकडून जीएसटी बिलावर घेतलं तर १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं (जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर नाही). वार्षिक भाडं त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येतं. कायमचा परवाना घेतलात तर सॉफ्टवेअरला ४० टक्के घसारा आहे. उलट कायदा मोडल्याचा दंड खर्चात वजा मिळत नाही. छापील किमतीकडे न बघता हे सगळं वजा करून महिन्याचा आकडा काढा. तो परवडेलच असं मी म्हणत नाही, पण मनात धरलेल्या आकड्यापेक्षा कमी निघतो.

अंतिम_वर्ष_सांगली

मी मेकॅनिकलला आहे. क्लासमध्ये सरांनी पेनड्राइव्हवर सॉलिड मॉडेलिंगचं क्रॅक दिलंय. प्लेसमेंटला ते येणं लागतं. आम्ही काय करावं?

मुक्तस्रोत

@अंतिम_वर्ष_सांगली, तुला क्रॅकची गरजच नाही. ऑटोडेस्कची बहुतेक सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट आहेत, कॉलेजचा पुरावा देऊन दरवर्षी नूतनीकरण करायचं. अन्सिसची विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे, मॉडेलच्या आकाराला मर्यादा आहे पण शिकायला भरपूर. एकच पथ्य: इंटर्नशिपमध्ये कंपनीचं काम त्यावर करू नकोस, ती परवानगी शिकण्यापुरतीच असते.

आणि आपल्या आयआयटी मुंबईकडे बघ. तिथल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या फॉसी प्रकल्पातून ऑसडॅग आलंय, आयएस ८०० प्रमाणे पोलादी जोडांचं डिझाइन करणारं, मुक्त आणि फुकट. सर्किटसाठी ईसिम आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे काही धडे मराठीतही आहेत.

सातपूरकर, तुमच्यासाठी: डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फॉरमॅटमधल्या) ड्रॉइंगचं काम ब्रिक्सकॅड किंवा झेडडब्ल्यूकॅडवर होतं, आणि दोन्हींचा कायमचा परवाना मिळतो. त्रिमितीसाठी फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. आधी मूळ स्केच बदललं की पुढची सगळी फीचर तुटायची, तो त्रास तिने बराच कमी केलाय, आणि असेंब्लीची सोय आता आतच आहे. गुंतागुंतीच्या पृष्ठभागांच्या मोल्डला ती पुरणार नाही. जिग, फिक्स्चर, साध्या डायला पुरते.

टूलरूम_भोसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेजाऱ्यांना वकिलांचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांनी फॉरमॅटचा बेत रद्द केलाय आणि मशीनवार यादी करायला बसलेत.

मुक्तस्रोत, एक शंका. माझे ग्राहक मूळ फॉरमॅटमधली फाइल मागतात, स्टेप (कुठल्याही कॅडमध्ये उघडणारी सामायिक फाइल) दिली तर परत पाठवतात. त्यांना काय सांगायचं?

मुक्तस्रोत

आधी खरेदीला न विचारता त्यांच्या डिझाइनवाल्याला विचारा की फाइलचं पुढे काय करणार. नुसती तपासणी आणि मशीनिंग असेल तर स्टेप एपी२४२ आणि सोबत मापं-टॉलरन्सचं पीडीएफ चालतं, 'मूळ फॉरमॅट' ही अट बऱ्याचदा जुन्या पीओतून (खरेदीच्या ऑर्डरमधून) जशीच्या तशी उतरलेली असते. त्यांना खरंच फीचर बदलायचे असतील तर मूळ फाइल लागणारच. तेवढ्यासाठी एक अधिकृत सीट (एका माणसापुरता परवाना) घ्या आणि तिचं भाडं कोटेशनमध्ये डिझाइन चार्जेस म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा. बाकीच्या टेबलांवर ब्रिक्सकॅड चालू द्या.

सातपूरकर

वेगळी ओळ मी पुढच्याच कोटेशनला टाकून बघतो. ग्राहक काय म्हणतो ते इथे लिहीन.